रोटांच्या दिवसांत थांबवलेलं औषध

आबांच्या औषधाच्या बाटलीवर औषधाचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आबा म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून शेत त्यांनी सांभाळलं आणि मला शिकवलं. आज मी शहाद्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, ते त्यांच्या जिवावर. इतक्या वर्षांच्या बिडीने त्यांच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी बंद पडली. सुरतेच्या एका रुग्णालयात फुग्याने ती उघडून आत जाळी बसवली. तिथे अशा रुग्णांवर संशोधन चालू होतं. जाळीत रक्त गोठू नये म्हणून दोन औषधांपैकी कुठलं चांगलं ते त्यांना पाहायचं होतं, आणि कुणाला कुठलं मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नसतं, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी मान डोलावली, सही केली. पण परतीच्या गाडीत डोक्यात एकच: सांगत नाहीत म्हणजे लपवतात. आपल्या माणसाचा उंदीर केला.

श्रावणात घरी आमची देवी कानबाई बसली. आमच्याकडे एकदा देवीच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, झाले की पौर्णिमेपर्यंत भाऊबंद तेच खातात आणि घरात मांसमच्छीचा स्पर्शही चालत नाही. कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडांपासून करतात, हे मीच कधीतरी वर्गात सांगितलं होतं. तेच आता मला टोचायला लागलं. रोटांच्या दिवसांत ही बाटली देवीच्या घरात नको, असं मी ठरवलं. आबांना म्हणालो, ‘‘डॉक्टरांनी पुनवेपर्यंत गोळ्या थांबवायला सांगितल्यात.’’ त्यांनी ताटातून मानही वर केली नाही. ‘‘बरं,’’ म्हणाले.

पुढचं लिहिताना हात अडतो. तपासणीला गेलं की तिथे उरलेल्या कॅप्सूल मोजतात. म्हणून बाटली गोठ्यात ठेवून मी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक काढून उकिरड्यात पुरत होतो. संशोधनाच्या कामातल्या सिस्टरचा फोन आला, तेव्हा म्हणालो, ‘‘रोज वेळेवर देतो, ताई.’’ त्या म्हणाल्या, ‘‘असे नातेवाईक सगळ्यांना मिळोत.’’ फोन ठेवून मी देवीपुढे दिवा लावला. खरं सांगायचं तर देवीने काहीच मागितलं नव्हतं. माझ्या संशयालाच मी सोवळं नेसवलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी आबा कण्हायला लागले. पाय पांढरा पडला होता, बोटांना स्पर्श कळत नव्हता. तेव्हाही माझं मन काय म्हणालं? बघ, ऑपरेशन बिघडवलंच त्यांनी. पुन्हा त्यांच्या तावडीत द्यायला नको म्हणून तळोद्याकडच्या एका पाय चोळून देणाऱ्याकडे न्यायचं ठरवलं आणि आबांना रिक्षात घालून शहाद्याच्या एसटी स्टँडवर आणलं.

तळोद्याची गाडी येईना. शेजारच्या बाकावर एक म्हातारा पिंजारी बसला होता, दाढीत आणि टोपीवर कापसाचे तंतू. नवापूरचा, गाद्या भरणारा. जावयाच्या पिकअपची वाट बघत होता. आबांकडे बघत बघत तो कुबडी टेकत जवळ आला आणि न विचारता त्यांच्या पायाला हात लावला.

‘‘बर्फनागत थंडा शे. जाळी बसाडेल शे का?’’

मी आबांचं धोतर पायावर ओढून घेतलं.

‘‘गोळ्या बंद कऱ्यात ना?’’

याला कसं कळलं? रुग्णालयाने पाठवलेला माणूस? की गिऱ्हाइकं गोळा करणारा दलाल? मी तोडून टाकलं, ‘‘चाचा, तुमचं काय काम? सुरतेला नेण्याचं किती मिळतं तुम्हाला?’’

तो रागावला नाही. पायजमा वर करून त्याने गुडघ्याखालची रिकामी जागा दाखवली. ‘‘हाई मियनं,’’ म्हणाला. म्हणजे, हे मिळालं. ‘‘मी बी बंद कऱ्या व्हत्या. बरं वाटाले लागनं म्हनीसन.’’ तेवढ्यात जावई पिकअप घेऊन आला. संशय गेला नव्हता, पण ती रिकामी जागा बघून मला त्यांना अडवता आलं नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे न बघता आबांच्या काखेत हात घातला आणि आम्ही तिघांनी मिळून त्यांना मागे नव्याकोऱ्या गाद्यांवर निजवलं. म्हातारा म्हणाला, ‘‘झोप आबा, लगीननी गादी शे. आज तूच नवरदेव!’’ त्या कळांतही आबा हसले.

प्रकाशाच्या पुलावरून जाताना मी नेहमी तापीला हात जोडतो. त्या दिवशी जोडले नाहीत. मी पिकअपचा नंबर पाठ करत होतो, जावई फोनवर गुजरातीत काय बोलतोय ते कान देऊन ऐकत होतो. नवापूरला म्हातारा उतरला, जावयाला म्हणाला, ‘‘सुरत लगून नेय.’’ मग मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘डॉक्टरले खरं सांगजो. देव माफ करी, रगत माफ नही करत.’’

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी पायाला हात लावताच विचारलं, ‘‘औषध रोज चालू होतं?’’ मी म्हणालो, ‘‘हो. रोज.’’ त्या सहकाऱ्याला म्हणाल्या, ‘‘औषध चालू असून गोठलं. म्हणजे पाय उघडावा लागेल, तयारी करा.’’ त्या दारापर्यंत गेल्या आणि मी बोलून गेलो, ‘‘मॅडम, सात दिवस दिलेलं नाही. मी खोटं बोललो.’’ हे मी ठरवून बोललो नाही. त्या थांबल्या, रागावल्या नाहीत. औषध थांबल्याने झालेली ताजी गुठळी असेल, आधी ती विरघळवून बघू म्हणाल्या. मग माझ्यासमोर कागदावर लिहिलं: औषध सात दिवस बंद, नातेवाइकाच्या निर्णयाने. लिहिता लिहिता म्हणाल्या, ‘‘तुम्ही बोलला नसता तर हा दोष औषधाच्या माथी आला असता. मग ते पुढच्या रुग्णांना मिळालंच नसतं, कदाचित.’’

पाय वाचला. दोन बोटं गेली.

महिन्याभराने मी नवापूरला गेलो. म्हणायला आभार मानायला, पण खरं म्हणजे खात्री करायला. अजूनही वाटत होतं, या माणसाचे कुठेतरी धागे असणार. तो दुकानात कापूस पिंजत होता. त्याने मला ओळखलंही नाही. ओळख पटल्यावर एवढंच विचारलं, ‘‘पाय शे ना?’’ त्या दिवशी त्याला त्या बाकावर कोणी बसवलं होतं, हे मी स्वतःला विचारतो. उत्तर ठासून सांगण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त कानबाईपुढे मान खाली घालतो, आणि त्याच्या अल्लालाही मनातल्या मनात सलाम करतो.

आबांना मात्र मी दोन वर्षं सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी डॉक्टरांनीच गोळ्या थांबवल्या होत्या. परवा संध्याकाळी ओट्यावर सगळं सांगितलं, उकिरड्यासकट. ते बराच वेळ पायाच्या बोटांच्या जागेवरून हात फिरवत बसले. मला वाटलं, उठून जातील. मग म्हणाले, ‘‘गोळीना टाईम व्हई गया ना?’’

मी आतून गोळी आणली. त्यांनी तळहात पुढे केला. कुठली गोळी आहे ते पाहिलं नाही, विचारलं नाही, तोंडात टाकून पाणी प्याले. शरण जाणं पोथीत खूप वाचलं होतं. ते असं दिसतं, हे मला माझ्या भावाने दाखवलं, आणि ज्याच्यापुढे ते शरण गेले तो मी होतो. देवी, निदान आता तरी मला त्या लायक ठेव.