मी बघितलं की गोल होतो

आइसलंडमधला एक फुटबॉल संघ गेल्या मोसमात जितके सामने हरला, तितके सगळे माझ्यामुळे हरला.

निदान माझ्या घरच्यांचं तसं ठाम मत आहे. मी आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही आणि राहते सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये. पण त्या संघाची गोलकीपर माझी मुलगी सई!

सई तिकडे शिकायला गेली. गावातल्या मुलींच्या संघातल्या गोलकीपरचं मनगट मोडलं, आणि शाळेत कधीतरी गोलपोस्टखाली उभी राहिली होती एवढ्या भांडवलावर हिला घेतलं. डिव्हिजन खालची (वरून मोजण्यापेक्षा खालून मोजलेली बरी). पण क्लब खांबाला कॅमेरा बांधून सामने इंटरनेटवर दाखवतो. त्यांची दुपार म्हणजे आमची जेवणाची वेळ. त्यामुळे दर शनिवारी मी, नवरा अविनाश आणि सासरे अप्पा ताटं घेऊन टीव्हीसमोर.

पहिल्याच सामन्यात मी पोळ्या आटपून सोफ्यावर टेकले आणि गोल झाला. आपल्यावर. मी पाणी आणायला उठले, आपण फेडला. परत बसले, पुन्हा आपल्यावर!

अप्पा म्हणजे क्रिकेटमध्ये जोडी जमली की घरात कुणाला कूस बदलू न देणारा माणूस.

"मेघा, तू जरा आत जा बघू."

"अप्पा, तो चेंडू आइसलंडमध्ये आहे."

"तेच म्हणतोय. इतक्या लांबून एवढा परिणाम!"

पुढच्या शनिवारी माझी रवानगी स्वयंपाकघरात. तिथून मान वळवली की टीव्ही दिसतो, म्हणून हरलो. मग बेडरूममध्ये, दार लावून. तरी हरलो! अविनाश आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत दोष शोधायचाच पगार घेतो. "डेटा तर हेच सांगतोय," म्हणत त्याने मला लिफ्टने थेट खाली व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, बाकावर पाठवलं. त्या दिवशी आपण जिंकलो. (माझ्या गैरहजेरीचा एवढा आनंद घरात प्रथमच!)

बाकावर भाजी निवडत बसलेली मी शेजारच्या लिम आंटींना दिसले.

"हजबंड फाइट अह?"

"नो आंटी. फुटबॉल."

त्यांना अर्थातच पटलं नाही. शेजारणीचा संसार मोडतोय म्हणून त्या दर शनिवारी मला बार्ली वॉटर आणून देऊ लागल्या.

शेवटचा सामना आला. हरलो तर संघ आणखी खाली घसरणार, बरोबरी झाली तरी वाचणार. आदल्या दिवशी सईचा फोन. "आई, ह्या मुलींनी मला जाकीट दिलं, ग्लव्ह्ज दिले, दर रविवारी कुणी ना कुणी घरी जेवायला नेतं. माझ्यामुळे खाली गेले तर तोंड कसं दाखवू?"

"काही होत नाही. नीट जेव आणि अंग गरम करून उतर."

"हो. आणि आई… उद्या तू बघू नको हं. प्लीज लाह!"

पोटची पोर!

आता मात्र या खुळाचा निकाल लावायचाच होता. शनिवारी मी खाली न जाता थेट लिम आंटींच्या घरी शिरले, त्यांच्या टीव्हीवर सामना लावला आणि मांडी ठोकून बसले. मी डोळे फाडून बघतेय, तरी शून्य-शून्य! आणि संपता संपता समोरच्या संघाला पेनल्टी.

सईने ती अडवली. लिम आंटी अशा किंचाळल्या की मजल्यावरची दारं उघडली. मैदानात सगळ्या पोरींनी सईला चिखलात लोळवून वर ढीग रचला होता. त्या ढिगातून तिचा एकच ग्लव्ह बाहेर आलेला बघून मला त्या प्रत्येकीच्या आईला फोन करून आभार मानावेसे वाटले. (नंबर नव्हते. डिंकाचे लाडू पाठवले.)

घरी अप्पांनी हातावर साखर ठेवली. "बघ! तू बघत नव्हतीस म्हणून!"

अप्पा, मी अख्खा सामना बघितलाय, तुमचं शास्त्र खोटं, हे सांगायची हीच वेळ होती. मी निमूट साखर खाल्ली. कारण पेनल्टी मिळाल्याबरोबर मी स्वतःहून उठून लिम आंटींच्या बाथरूममध्ये गेले होते, आतून कडी लावली होती, आणि काही ऐकूही येऊ नये म्हणून नळ सोडला होता!