पेन्सिलीचं फूल

नेरूळचं आमचं वाचनालय बंद झालं, तेव्हा जुनी पुस्तकं फुकट वाटून टाकली. चारचौघांत मी जाडजूड कादंबऱ्यांवर बोलतो. पण वाचनाची गोडी मला लावली ती जिचं कुणी नावही घेत नाही अशा एका रहस्यकथेनं. तीच सापडली. पिशवीत कोंबणार, तोच प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान उलटून बघणारे एक अनोळखी आजोबा म्हणाले, "जरा बघू?"

शेवटच्या पानावर पेन्सिलीची चार-पाच फुलं होती.

"आमच्या हिची खूण. वाचलेलं पुस्तक परत घरी येऊ नये म्हणून काढायची."

"मग एवढी फुलं?"

"तरी आणायचीच. वर म्हणायची, 'अगंबाई, विसरलेच!'" फुलांवरून त्यांचा अंगठा फिरत राहिला. "आता ती नाही."

मी म्हटलं, "घ्या तुम्हीच. खुनी कोण, मला पाठ आहे."

"सांगू नका हं," ते घाईनं म्हणाले, "मी अजून वाचलेलं नाही."