मिसरीचं सांत्वन

अक्का गेली तेव्हा मी लातूरच्या भाजीबाजारात मेथीच्या जुड्या चाळत होते. तिच्या लेकीचा, रेखाचा, फोन आला. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. कंधारच्या गाडीत बसले आणि मग नातेवाइकांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाचं वाक्य तेच, "लेकाच्या दुःखानं खाल्लं बिचारीला." दीड महिना झाला, लोक अजून तेच बोलतात आणि मला अजून तितकीच शिसारी येते. कारण अक्काला कॅन्सर झाला तो तोंडाचा, आणि त्या तोंडाला काय लावलं, कुणी लावलं, हे या सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझी ही थोरली बहीण लग्न होऊन कंधारला गेली तेव्हा त्या घरातल्या झाडून सगळ्या बाया मिसरी लावायच्या. तव्यावर तंबाखू काळीठिक्कर भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांना चोळत ओट्यावर बसायचं. तंबाखूचा धूर निघाला की अक्का खोकत, चरफडत अंगणात पळायची. सासूला तोंडावर विचारायची, "आत्याबाई, तुमचं हे तोंड हाय का तवा?" सासूही हसायची. अक्काचे दात पांढरेशुभ्र, आणि त्याचा तिला भारी तोरा. फोटो काढताना ती दात दाखवल्याशिवाय राहायची नाही.

मग तिचा गणेश गेला. लोह्याच्या रस्त्यावर मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. अक्का भिंतीला टेकून बसली ती बसलीच. बोलणं बंद, जेवण बंद, डोळ्याला डोळा नाही. भेटायला बायांची रीघ लागली. तिची थोरली जाऊ इंदूबाई शेजारी बसली, तळहातावर मिसरी घेतली आणि म्हणाली, "लाव जराशी. जीव हलका होतो." अक्कानं मान फिरवली, तर इंदूबाईनं आपल्याच बोटानं ती तिच्या ओठांत सारली. "पोटच्या पोराचं दुःख हाय, कशानं तर विसरावं लागंल की!" पहिल्यांदा अक्का थुंकली. दोन-चार दिवसांत ती स्वतःच मागायला लागली. मी ओरडले तर सगळ्या जणी माझ्यावरच तुटून पडल्या, "राहू दे गं, तेवढाच आधार हाय तिला." भाकरीचा घास खा म्हणून इतका आग्रह एकीनंही केला नव्हता.

पुढे काही वर्षांनी गालाच्या आत फोड आला आणि बसेना. उष्णता म्हणाल्या. सब्जा झाला, तूप झालं, गुलकंद झाला. "आतून जळून राहिली ती, तेच बाहेर आलं," हा इंदूबाईचा शोध. सगळ्यात वाईट म्हणजे अक्काला तो पटला. दवाखान्यात चल म्हटलं की गालावर हात ठेवून म्हणायची, "गणेशच्या नावाचं हाय हे. राहू दे." पोराची शेवटची खूण सांभाळावी तशी ती तो फोड सांभाळत बसली... हे लिहितानाही माझा संताप संताप होतो.

तोंड उघडेना तेव्हा कुठे नांदेडला आली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी धरून आत पाहिलं आणि विचारलं, "मिसरी?" अक्कानं खाली मान घातली. मी विचारलं, "हे दुःखानं झालंय का हो?" त्या म्हणाल्या, "दुःखानं झोप जाते, जेवण तुटतं, शरीर खंगतं. पण नुसत्या दुःखानं कॅन्सर होतो, असं मी सांगू शकत नाही. दुःखात माणूस कशाचा आधार घेतो ते बघायला पाहिजे. यांनी तंबाखूचा घेतला." बाहेर बाकावर इंदूबाई बसली होती. तिला सांगितलं तर म्हणते कशी, "डॉक्टरला काय कळतंय आईचं काळीज!" बोलताना दात काळे, बोट काळं. मी तिच्याकडे पाठ फिरवली.

अक्काच्या तेराव्याला पुन्हा तोच मेळा. जिच्या घशाखाली शेवटी पाणीही उतरत नव्हतं तिच्या नावानं पंगती उठल्या, आणि जेवून तृप्त झालेल्या बाया ओसरीत मिसरी चोळत बसल्या. रेखा कोपऱ्यात होती. इंदूबाई सरकत तिच्याजवळ गेली आणि तळहात पुढं केला. मी ताडकन उठले.

"नको काकू," रेखा म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. "माझ्याजवळ हाय." तिनं कमरेची पत्र्याची डबी काढली. अक्काची.

"अगं, या मिसरीनंच मारलं तुझ्या आईला!" मी तिचं मनगट धरलं.

"माहीत हाय मला." तिनं दुसऱ्या हातानं झाकण उघडलं, डबी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "आईच्या तोंडाला शेवटी ह्योच वास यायचा, मावशी. सोड."

मी सोडलं नाही.