चारातला एक

निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात, मी ज्ञानकोशात शिरले. इंटरनेटवरचा, कोणीही लिहावा आणि कोणीही खोडावा असा मराठी ज्ञानकोश. वर्ध्याजवळच्या सेलूच्या कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे आनुवंशिकतेचे लेख आपसूक माझ्या गळ्यात पडले. एका लेखात एक, दुसऱ्यात त्याच्या उलट. सकाळचा चहा झाला की मी ते निस्तरत बसायची. "पेपर तपासायची खोड काही जात नाही," नवरा म्हणायचा.

एका वाक्यावरून माझं एका गृहस्थाशी चांगलंच वाजलं होतं. तो कोण, कुठला, मला आजही ठाऊक नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेखात होतं, 'आईवडील दोघेही वाहक असतील तर चार मुलांपैकी एकाला हा आजार होतो.' मी ते बदललं, 'प्रत्येक बाळाच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक असते.' तिथे ते टिकलं. पण आनुवंशिकतेच्या मुख्य लेखातही तेच जुनं वाक्य होतं आणि तिथला माझा बदल हा गृहस्थ दर वेळी उलटवायचा. चर्चेच्या पानावर त्याचं एकच पालुपद, वाचकाला सोपं हवं. सोपं आणि चूक यातला फरक कळतो का, असं मी विचारलं, जरा जास्तच तिखटपणे.

आमच्या मागच्या गल्लीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. ती आणि तिचा नवरा दोघंही वाहक. त्यांना स्वतःला त्रास नाही, पण मुलीला सिकलसेल आहे. थंडी पडली की पोरीचे हातपाय असे दुखतात की तिचं कण्हणं आमच्या घरापर्यंत येतं. आई पुन्हा गरोदर आहे हे कळल्यावर मी विचारलं, पोटातल्या बाळाची तपासणी केली का?

"आता काऊन करू मॅडम? चारातला एक होऊन गेला नं. यायनं मोबाइलवर वाचलं," ती नवऱ्याबद्दल बोलत होती. "सासूबाई तं म्हणते, पोरीनं भावंडायच्या वाटचं घेऊन टाकलं."

त्यांनी वाचलं होतं ते तेच वाक्य. तिला ओट्यावर बसवून म्हटलं, "डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, एकीवर आजार लिहिलाय. तू नेमकी तीच काढलीस, वाचलीस आणि परत डब्यात टाकलीस. पुढच्या वेळी डब्यात किती?"

"चारच," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

वर्ध्याच्या दवाखान्यात मीही बरोबर गेले. निकाल यायचा होता त्या दिवसांत मी ज्ञानकोश उघडलासुद्धा नाही. घरात विनाकारण सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते.

"वाहक हाय म्हणते मॅडम! रोग नाई!"

मी कणकेच्या हातांनीच डोळे पुसले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दुपारी चर्चेच्या पानावर, कोणाचं नाव न घेता, घडलेलं सगळं लिहिलं. या वेळी तिखट काही सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्या गृहस्थाने ते वाक्य स्वतःच काढून माझं ठेवलं होतं, आणि खाली आणखी एक जोडलं होतं, 'पहिल्या मुलाला आजार झाला म्हणून पुढच्यांची शक्यता कमी होत नाही.' माझ्यापेक्षा सोपं लिहिलं होतं त्याने, हे मान्य करायला हवं.

बाळ आता रांगतं. परवा त्याची बहीण आमच्या ओट्यावर माझा मोबाइल घेऊन बसली होती. तिने तो लेख बोट ठेवून मोठ्याने वाचला आणि मान वर केली.

"म्हंजे म्या बाबूच्या वाटचं नाई घेतलं?"

"नाही गं. कोणाच्याच वाटचं नाही."

"पण माह्ये पाय दुखले का आजी तेच म्हणते. मंग आता काय म्हणन?"

मी तिचे पाय मांडीवर ओढून घेतले.

"आता विचारेल, कुठं दुखतंय."