घरगल्लीची आरती

कॉलेजची मुलं मला अधूनमधून भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला असतो: समाजाचं भान असलेलं नेतृत्व कसं असावं, बदल कसा घडवावा. मी आनंदाने जातो. घाटकोपरच्या आमच्या घरगल्लीची गोष्ट साभिनय सांगतो आणि बरोबर अर्ध्यावर थांबतो. अर्धी गोष्ट फारच छान आहे. टाळ्या हमखास पडतात, वर समोसा मिळतो. आज पूर्ण सांगणार आहे, कारण इथे समोसा नाही.

आमच्या दोन चाळी पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. मधली दोन हात रुंदीची फट म्हणजे घरगल्ली. बांधणाऱ्याने ती सांडपाण्याच्या पाइपांसाठी सोडली होती. आम्ही ती देवाने खिडकीखाली ठेवलेली कचराकुंडी समजत होतो. कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं, फुटक्या बादल्या, सगळं खिडकीतून खाली. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, निम्म्या चाळीतले बाप घरी बसून होते आणि घरी बसलेला माणूस कचरा जास्त करतो, असं माझं तेव्हाचं निरीक्षण होतं. मी तेवीस वर्षांचा होतो. चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी. जगात बदल घडवायला याहून जास्त काय लागतं?

आधी मी भाषणं केली. मग फळ्यावर सुविचार लिहिले. मग श्रमदान. मी स्वतः घोट्याएवढ्या घाणीत उभा राहून फावडं चालवत होतो आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी माशांचं पाणी ओतलं. थेट माझ्या डोक्यावर. बांगड्याचं होतं. त्या क्षणी माझ्यातला समाजसेवक मेला आणि नट जन्माला आला.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही गल्लीतला कचरा उपसला आणि त्यात विजेचं बिल सापडलं. बिलावर नाव, खोली नंबर. तोच तिसरा मजला! मी मोठं पितळी ताट घेतलं, त्यात बांगड्याची डोकी गोल मांडली, मधोमध नारळाची करवंटी, कडेने अंड्यांच्या टरफलांची माळ. गणपतीतला ताशा काढला. आरतीच्या चालीवर मी दोन ओळी जुळवल्या होत्या:

*तुमचेच तुम्हांसी आणिले हो घरी,*
*स्वीकारा मालक, ठेवा देव्हाऱ्यावरी!*

पंधरा पोरं, ताशा, ताट आणि मागे अख्खी चाळ. दार उघडणारा गृहस्थ सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. त्याचा चेहरा मी आजही हुबेहूब करून दाखवतो. तो पुढचे चार दिवस सार्वजनिक संडासला जाताना डोक्यावरून टॉवेल घेऊन जात असे, आणि तरी पोरं त्याला चालीवरून ओळखून ताशाचा आवाज तोंडाने काढत असत.

हे भलतंच झकास जमलं. दर रविवारी एक घर. कुणाच्या कचऱ्यात पोराची वही निघे, कुणाच्या रेशनचा कागद. एका म्हातारीकडे गेलो तेव्हा ती रडली. आम्ही दुसरं कडवं म्हटलं. दोन महिन्यांत घरगल्लीची फरशी दिसायला लागली. चाळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं की खाली फरशी आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. नगरसेवकाने शाल-नारळ देण्याचं कबूल केलं. मी त्या दिवसांत एक सिद्धांत काढला होता: लोकांना चांगलं वागायला शिकवायला वर्षं लागतात, भ्यायला शिकवायला दोन रविवार पुरतात.

इथे मी कॉलेजात थांबतो. टाळ्या.

आता पुढचं. गल्ली स्वच्छ झाली आणि माझी पंचाईत झाली. कचराच मिळेना. रविवारी पोरं ताशा गळ्यात अडकवून उभी आणि आत नुसती धुतल्यासारखी फरशी.

"सेक्रेटरी, आज काय?" ताशेवाल्याने विचारलं. "का जाऊ मी क्रिकेटला?"

"थांब रे जरा. सापडेल."

गल्ली स्वच्छ झाल्याचं दुःख झालेला जगातला पहिला सुधारक मी असेन. मी पाइपांमागे, खिडक्यांखाली, वाकून वाकून शोधत होतो. आणि पार टोकाला, तळमजल्याच्या एका खिडकीखाली, मला एक पुडकं सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. मी ते लाडूंचं असल्यासारखं उचललं.

आत एक फाडलेलं अंतर्देशीय पत्र होतं. पत्ता आमच्याच चाळीतला, तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीचा. त्या घरातली मुलगी माझ्या वयाची, शाळेत माझ्याच वर्गात होती. चार महिन्यांपूर्वी तिचा साखरपुडा झाला होता. पत्र बोरिवलीहून, मुलाच्या वडिलांचं. एका पोराने तुकडे जुळवून भसाड्या आवाजात वाचलं: "लग्नाची तारीख आपल्याकडून पुन्हा पुढे ढकलली जात आहे, कारण स्पष्ट कळवावे."

"लग्नघर आहे यार!" ताशेवाला म्हणाला. "इथे तर वाजवलंच पाहिजे."

पत्राखाली पाच छोट्या काचेच्या बाटल्या होत्या. इंजेक्शनच्या, रबरी बुचाच्या.

पोरांना त्यांचं काही वाटलं नाही. मला कळलं. लगेच कळलं. माझा काका गिरणीत होता आणि आमच्याच खोलीत क्षयाने खंगून गेला. त्याला इंजेक्शन द्यायला कंपाउंडर घरी यायचा, अगदी अशाच बाटल्या घेऊन. रिकाम्या झाल्या की आई त्या कागदात गुंडाळून, सुतळी बांधून माझ्या हातात द्यायची. "लांब टाक रे. रेल्वेच्या पलीकडे. कुणी विचारलं तर बोलू नको." मी सहावीत होतो. ती गाठसुद्धा तशीच होती.

तारखा पुढे का जातात, तिचा कंपाउंडर मामा रोज सकाळी का येतो, ती इतकी बारीक का झाली, सगळं मला त्या गल्लीत उभ्या उभ्या समजलं. औषध पुरं करायचं, बरं व्हायचं आणि मग लग्न करायचं, एवढंच त्या घराला हवं होतं. त्यासाठी फक्त कुणाला कळता कामा नये होतं.

बाटल्या खिशात टाकायला मला एक क्षण पुरला असता. पण ताट रिकामं दिसत होतं. फाटक्या पत्रावर काय आरती करणार? आणि पोरं बघत होती. आणि खरं सांगतो, मला त्या बाटल्यांचा उपयोग सुचला होता, आणि नटाला एकदा काही सुचलं की तो देवाचंही ऐकत नाही. बुचांना सुयांनी भोकं पडलेलीच होती. मी त्यांत एकेक उदबत्ती खोचली. पाच बाटल्या, पाच उदबत्त्या, ताटात फुलीसारख्या मांडल्या. सुरेख दिसत होतं. आजवरच्या ताटांत सर्वांत सुरेख. कुणी ओळखणार नाही, असं मी मनाशी म्हणालो. ते खोटं आहे हे मनाला माहीत होतं.

निघालो वाजतगाजत.

दार उघडंच होतं. आत खुर्चीवर पाहुण्या बसल्या होत्या, समोरच्या चाळीत राहणाऱ्या विधवा आत्याबाई. कुणाच्या आत्या? बोरिवलीच्या त्या मुलाच्या. तारखेचं काय ते विचारायला भावाने त्यांनाच पाठवलं होतं. पुडकं खिडकीतून का गेलं, तेही मला नंतर कळलं: बाटल्या रोज वडील ऑफिसच्या पिशवीतून नेऊन टाकायचे, ते पाच दिवस गावी गेले होते आणि आत्याबाई समोरच्या जिन्यातून उतरताना दिसल्यावर मुलीच्या आईचा धीर सुटला.

आम्ही दोन्ही ओळी म्हटल्या. आवाज चांगला लागला होता. मुलीची आई दाराला धरून उभी राहिली. आत्याबाई उठल्या, ताटाजवळ आल्या, उदबत्तीसकट एक बाटली उचलून त्यांनी डोळ्यांजवळ धरली. त्यांच्या नवऱ्याला याच दुखण्याने नेलं होतं, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

त्यांनी बाटली परत ताटात ठेवली. जागच्या जागी, नीट.

"चहा छान झाला होता हो," त्या मुलीच्या आईला म्हणाल्या. कप अर्धा भरलेला होता. "येते."

मुलगी आतल्या पडद्याशी उभी होती. तिने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"छान सजवलंयस रे," ती म्हणाली.

साखरपुडा आठवड्यात मोडला. मला कुणी बोललं नाही. उलट पाठ थोपटली. "मुलगा वाचला बिचारा. तुझ्यामुळे कळलं," असं मला निदान दहा जणांनी सांगितलं, त्यांत तो हेडक्लार्कही होता, टॉवेलशिवाय. त्या घराचा दुधवाला भांडं लांबून ओतायला लागला. नळावर तिच्या आईची बादली आली की रांग अंगाने सरकायची. मला शाल आणि नारळ मिळाला. भाषणात मी म्हणालो, की घाण लपवल्याने समाज आजारी पडतो. बाप रे, काय टाळ्या पडल्या होत्या.

जवळजवळ दहा महिन्यांनी ती मंडळाच्या खोलीत आली. मी कॅरमवर बसलो होतो. तिने माझ्यापुढे दवाखान्याचा कागद ठेवला. औषध पूर्ण, थुंकी साफ, छातीचा फोटो साफ, खाली डॉक्टरची सही. गालावर मांस आलं होतं तिच्या.

"सेक्रेटरी तूच ना अजून?"

"हो."

"मग हे पण ताटात घाल. ताशा लाव. घराघरांत फिरव. आत्याबाईंकडे आधी." ती शांतपणे बोलत होती. "त्याचं लग्न झालंय, मला माहीताय. त्याच्यासाठी नाही. मला नोकरी लागतेय अंधेरीला, कारखान्यात. इथलीच एक बाई तिथे आहे. ती आत सांगेल आणि मला काढतील. चाळीला कळायला पाहिजे मी बरी झालेय. जसं ते कळलं, तसंच."

"रविवारी," मी म्हणालो.

मी पोरांना सांगितलं. खरंच सांगितलं.

"कागद फिरवायचा?" ताशेवाला म्हणाला. "त्यात काय मजा यार? आरती कशाची करणार, थुंकीची?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि हे लिहायला मला सर्वांत जड गेलं. मग मी तो कागद मंडळाच्या फळ्यावर टाचणीने लावला. माझ्या मते काम झालं. शुक्रवारी त्यावर क्रिकेटच्या सामन्यांची नोटीस लागली. तीही मीच लावली, जागा नव्हती.

रविवारी सकाळी मी गॅलरीतून खाली पाहिलं. ती इस्त्रीची साडी नेसून, वेणी घालून दारात उभी होती. वाट बघत. नऊ वाजले, साडेनऊ झाले. दहाला ती मंडळाच्या खोलीकडे गेली, नोटिशीखालून कागद काढला, घरात गेली आणि स्टीलचं ताट आणि डाव घेऊन बाहेर आली. आणि वाजवायला लागली.

एकटी. ताशा नाही, आरती नाही. दर दारापुढे थांबायची, डावाने ताट बडवायची, दार उघडलं की कागद धरायची. "मी बरी झाले. वाचा." काही दारं तिच्या तोंडावर बंद झाली. हेडक्लार्कने वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं. ती मजला मजला चढत आमच्याकडे येत होती आणि मी, बदल घडवणारा माणूस, मोरीत शिरून कडी लावली. आवाज ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला. आमच्या नळाला दहानंतर पाणी नसतं हे घाईत विसरलो. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काकू, मी बरी झाले. वाचा."

"मला वाचता येत नाही गं," आई म्हणाली. "पण तो कागद मला माहीत आहे. आमच्याकडेही यायला हवा होता, आला नाही." आणि मग गॅलरीभर जाईल अशा आवाजात, जो तिने काकाच्या मरणालासुद्धा काढला नव्हता: "माझ्या दिराला हाच आजार होता. याच खोलीत गेला. बाटल्या मी अशाच पुडक्यात बांधायची आणि लांब टाकायला याला पाठवायची, आमच्या सेक्रेटरीला."

गॅलरीत माणसं होती, मला त्यांचे श्वास ऐकू येत होते.

"म्हणजे त्याने ओळखल्या होत्या," मुलगी म्हणाली. मला नव्हे, चाळीला.

मोरीचं दार धाडकन वाजलं. आई रागावली की मालवणीवर यायची.

"भायर ये रे मेल्या."

मी बाहेर आलो. कोरडा ठणठणीत, खांद्यावर टॉवेल. अख्ख्या मजल्याने मला पाहिलं. ताशेवाला जिन्यात उभा होता, तो हसला नाही. आई मुलीकडे वळली. "कुणाकडे जायचं राहिलंय गं?"

"आत्याबाईंकडे."

"हा येतो तुझ्यासोबत. ताट धर रे."

मुलीने ताट माझ्या हातात दिलं. मी डावासाठी हात पुढे केला. तो तिने दिला नाही.

मग आम्ही जिना उतरलो, चौक ओलांडला, समोरची चाळ चढलो. ताट मी छातीशी धरायचं आणि वाजवायचं तिने. ती अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने वाजवत होती, आणि आता तिच्या अंगात पुष्कळ जोर होता.