बॅटिंगवाल्यांची अम्पायर

"तिलाच पाठवा सर, ती काही बोलत नाही."

मी पाण्याच्या जारपाशी बाटली भरत होते. तंबूच्या कापडापलीकडे आमची कॅप्टन आणि कोच सर उभे होते. सर म्हणाले, "इंग्लिश मीडियमवाली ना? चालेल. शांत आहे." मग त्यांनी मला हाक मारली आणि हातात पांढरी टोपी दिली.

सामना मंगळवारी धुळ्याला होता, देवपूरच्या एका कॉलेजच्या मैदानावर. दोन अम्पायर यायचे होते, पण एकच आला. अशा वेळी आमच्याकडच्या स्पर्धांत दुसऱ्या टोकाला बॅटिंग करणाऱ्या टीमचंच कोणीतरी उभं राहतं. मी दहाव्या नंबरला खेळायचे, म्हणजे बहुतेक वेळा खेळायचेच नाही. मला उभं केलं यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मला तर थोडा आनंदच झाला. मी कोणाची बाजू घेत नाही हे सरांच्या लक्षात आलंय, असं मला वाटलं.

सकाळी जळगावहून येताना एसटीत सगळ्या मुली एकाच विषयावर बोलत होत्या. दोन-तीन दिवसांपूर्वीच एका परदेशी टीमच्या खेळाडूला चेंडू जास्त वळावा म्हणून तो सँडपेपरने घासताना कॅमेऱ्याने पकडलं होतं. खिशातला पिवळा कागद त्याने घाईघाईने पँटमध्ये लपवला, तो व्हिडिओ एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरत होता. "पाय वं, बघ ना कुठे कोंबतोय!" असं म्हणून एक जण हसत होती. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत शिव्या चालल्या होत्या. कॅप्टन पुढच्या सीटवरून वळून म्हणाली, "एवढे मोठे खेळाडू आणि लाज नाही यांना." तिला खरंच राग आला होता. तो खोटा नव्हता, हे मी आजही सांगू शकते.

मी तिला ताई म्हणायचे. टीममध्ये आले तेव्हा मला मराठी आकडे येत नव्हते. कोणी "अडुसष्ट झाले" म्हटलं की मी मनात इंग्लिशमध्ये अंदाज बांधायचे, आणि तो चुकायचा. मुली मुद्दाम मला स्कोअर विचारायच्या. एकदा ताईने ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तिला आकडे येत नाहीत. तुम्हाला इनस्विंग येतो का?" त्या दिवसापासून ते बंद झालं. ती आपला डबा आधी दुसऱ्यांसमोर ठेवायची, हरल्यावर सर्वांत शेवटी बसमध्ये चढायची. अशी कॅप्टन मिळाली तर मुलगी तिच्यासाठी काहीही करेल.

त्या सामन्याला निवड समितीचे दोघे आले होते. कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून बसले होते. पुढच्या स्पर्धेच्या विभागाच्या टीममध्ये एकच जागा उरलीय, असं सर सांगत होते. ती ताईला मिळेल किंवा समोरच्या, देवपूरच्या टीममधल्या एका बोलरला.

ती बोलर धुळे तालुक्यातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेली होती. उन्हाने रापलेली, बारीक. लांब वेणी शर्टच्या आत खोचलेली, पायात साधे कॅनव्हासचे बूट. मॅटवर तिचा चेंडू असा उसळायचा की आमच्या पहिल्या दोघी घाबरूनच आउट झाल्या. ताई आली तेव्हा ती माझ्याच टोकाकडून बोलिंग करत होती.

ताईचे अकरा रन झाले होते. चेंडू बाहेर जात होता, ताईने बॅट घातली आणि काडी मोडावी तसा बारीक आवाज झाला. कीपरने चेंडू धरला. सगळ्या मुली माझ्याकडे वळून ओरडल्या. ताईने माझ्याकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून ती ग्लोव्हजचा पट्टा घट्ट करत राहिली. तो पट्टा सैल झालेला नव्हता.

"नॉट आउट," मी म्हणाले.

इतक्या हळू, की स्कोअर लिहिणाऱ्याने लांबून विचारलं, "काय दिलं?" मग मला तेच पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं असं मी स्वतःला अजूनही समजावते. दुसऱ्यांदा मात्र मला विचार करायला वेळ मिळाला होता.

ओव्हर संपली. बोलरची टोपी माझ्याकडे होती. ती घ्यायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुले आवाज उना ना?" मला आवाज आला ना, एवढंच ती विचारत होती, आणि तिने मलाही ताईच म्हटलं. मी टोपी पुढे केली. तिने ती डोक्यावर घातली. "बरं" म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिचा टप्पा बिघडला. ताई शेवटपर्यंत खेळली आणि आम्ही जिंकलो. कडुनिंबाखालचे दोघे ताईशी हात मिळवून गेले.

परतीच्या गाडीत ताईने मला खिडकीची जागा दिली. "मस्त सांभाळून घेतलंस गं," ती म्हणाली. मागच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. टीममध्ये आल्यापासून पहिल्यांदा मला सगळ्यांनी आपल्यात धरलं होतं, आणि मी पारोळ्यापर्यंत तोंड खिडकीकडेच ठेवलं. ऊन लागलंय, असं मी विचारणारीला सांगितलं.

शुक्रवारी प्रॅक्टिसनंतर सगळ्या जिमखान्याच्या खोलीत बसल्या होत्या. सरांच्या मोबाइलवर त्या परदेशी कॅप्टनचा नवा व्हिडिओ होता. तो विमानतळावर माईकसमोर रडत होता, बाप मागे खांद्यावर हात ठेवून उभा.

"आता रडतोय," कोणीतरी म्हणालं.

"आधी काय म्हणाला होता माहितीय? आमच्या लीडरशिप ग्रुपला माहीत होतं!" सर म्हणाले. "ग्रुप म्हणे. खोलीत बसून ठरवलं आणि सगळ्यांत नवख्याच्या हातात कागद दिला."

सगळ्या हसल्या. मला तंबूचं ते कापड आठवलं. मला कोणीही नॉट आउट दे असं सांगितलं नव्हतं. फक्त मला निवडलं होतं. माझ्यात बोलायची हिंमत नाही हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, आणि माझ्याकडूनही त्यांना तेच मिळालं. तो कागद खिशात ठेवणाऱ्याला निदान सांगावं तरी लागलं असेल.

"असल्यांना आयुष्यभर बॅन केलं पाहिजे," ताई म्हणाली. ती अगदी मनापासून बोलत होती. माझ्या शेजारीच बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता. तिला मंगळवारची आठवण झाली असं तिच्या चेहऱ्यावर कुठेच दिसलं नाही. मला वाटतं, झालीच नसावी. आमच्याकडे त्या गोष्टीला फसवणं म्हणतच नव्हते.

मग सरांनी मोबाइल खिशात ठेवला आणि पेढ्यांचा बॉक्स उघडला. ताईची निवड झाली होती. "यादी कालच संध्याकाळी गेली," ते म्हणाले. सगळ्यांनी आरडाओरडा केला. एक पेढा माझ्या हातात आला.

तीन दिवस मी रोज ठरवत होते, आज सरांना एकटं गाठून सांगू. रोज दाराशी जाऊन परतत होते. यादी जायच्या आत बोलले असते तर त्या मुलीच्या उपयोगी तरी पडलं असतं. आता बोलून फक्त या खोलीतलं माझं बसणं-उठणं संपणार होतं. ते संपलंही. त्या उन्हाळ्यानंतर मी खेळले नाही. ती बोलर पुढे कुठे खेळली का, हे मला अजून माहीत नाही.

पेढा मी बॉक्समध्ये परत ठेवला. सर म्हणाले, "काय झालं गं? गोड खात नाहीस?"

"सर, समितीला आत्ता फोन करा," मी म्हणाले. "ताई अकरावर आउट होती. देवपूरच्या मुलीने तिला काढलं होतं, आणि मी दिलं नाही."