साबुदाण्यात बुडालेला उपवासकाळ

आठवीतून शाळा सोडून मी भिवंडीला आलो, धामणकर नाक्यामागच्या एका लूमच्या कारखान्यात. घरापासून लांब असा तो माझा पहिलाच उपवासकाळ. निघताना आईने बजावलं होतं, राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत शुक्रवारचे उपास सोडू नकोस. आमच्याकडे उपास म्हणजे दिवसभर नुसतं पाणी आणि संध्याकाळी देवळात क्रूसाची वाट ही प्रार्थना करून आल्यावर एक कोरडी भाकरी. आई त्याच पोटाने खुरपणीला जायची.

इथे रविवारी ड्युटी असायची, त्यामुळे चर्चमधली मिस्सा बुडायची. लूमच्या खडखडाटात प्रार्थनेचे शब्द मलाच ऐकू येत नसत. शुक्रवारी मात्र लूम बंद. निदान उपास तरी नीट होऊ दे, नाहीतर घरी कुठल्या तोंडाने जायचं, हीच धाकधूक.

जेवायला आम्ही कामगार बिस्सीत जायचो. ती खाणावळ चालवणारी मावशी इथल्याच गावची. मला मलेरिया झाला तेव्हा तिनेच पेज पाजून मला उभं केलं होतं. म्हणून पहिल्या शुक्रवारी तिला सांगून टाकलं, ‘‘मावशी, आज उपास आहे, जेवायला नाही.’’

‘‘मंग आधी सांगाचा ना, बाला! बस. कुठं जातंस?’’

आणि समोर आली साबुदाण्याची खिचडी. वर तूप, बाजूला दही, एक केळं. बाकीच्यांच्या ताटात डाळ-भात. शेजारचा लूमवाला भैया माझ्या ताटाकडे बघत म्हणाला, ‘‘भाई, ऐसा रोज़ा हमको भी रखवा दे!’’ सगळे हसले. मी खाल्लं. पेज पाजणाऱ्या हाताला नाही कसं म्हणणार?

पुढच्या शुक्रवारी म्हटलं, ‘‘मावशी, आमच्या उपासाला साबुदाणा नसतो.’’

‘‘मंग वरी करते.’’

‘‘वरी पण नाही. भाकरी असते, तीसुद्धा रात्री.’’

‘‘उपासाला भाकरी? येडा हायस का? उपास मोडंल आनि पाप मला लागंल!’’

त्यानंतर रताळी आली, मग शेंगदाण्याची आमटी. एकदा मी खोलीतच पडून राहिलो, तर ताट खोलीवर आलं. पोट गच्च भरल्यावर प्रार्थनेला बसायचो आणि पेंगायचो. चिडचिड व्हायची. कुणावर चिडायचं तेही कळत नव्हतं. पँट कमरेला घट्ट होत होती. उपवासकाळात जाड होणारा अख्ख्या धर्मप्रांतात मी एकटाच असेन.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिची नजर चुकवून कल्याणच्या चर्चला निघालो, तर नाक्यावर ती भाजी घेत उभी. ‘‘उपाशीपोटी उन्हात?’’ असं म्हणत मला हाताला धरून परत नेलं आणि खिचडीचा डबा देऊनच सोडलं. चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या चौदाही स्थानांपुढे तो डबा खाली ठेवत मी गुडघे टेकले. तुपाचा वास येत होता. ख्रिस्ताच्या दुःखाचं मनन राहिलं बाजूला, मी एवढंच म्हणत होतो, देवा, या बाईला काहीतरी समजव. बाहेर येऊन गार खिचडी खाल्ली आणि रडायला आलं.

ईस्टरआधी आता एकच शनिवार उरला होता. सकाळी ड्युटीआधी बिस्सीत गेलो. ‘‘मावशी, मला आज भूक लागायला हवी.’’

ती पीठ मळायची थांबली. ‘‘कामावर? मरशील ना!’’

‘‘माझी आई अशीच उपाशी राबते.’’

‘‘तुझी आय ऱ्हाते?’’ मग पिठाचाच हात हलवून म्हणाली, ‘‘जा मंग. पन चक्कर आली त निरोप धाड.’’

त्या दिवशी मला कुणी खायला घातलं नाही. देव जवळ येईल असं वाटलं होतं, पण आली फक्त भूक. दुपारनंतर धागा तुटला की गाठ जमेना, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, भैयावर उगाच खेकसलो. डोळ्यांपुढे सारखी खिचडी. आई या पोटाने वाकून खुरपायची कशी आणि वर आमच्याशी हसून बोलायची कशी, हेच मनात येत राहिलं.

सुट्टी झाल्यावर पीसीओवरून शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी आईला बोलावून आणलं.

‘‘उपास झाले का रे?’’

‘‘एक झाला.’’

‘‘एकच?’’ तिने विचारलं. मग म्हणाली, ‘‘जेवायला तरी नीट मिळतं ना तुला?’’

‘‘मिळतं,’’ मी म्हटलं. ‘‘फार मिळतं, आई.’’